ब्राह्म्सचा ई मायनर सोनाटा : चेलो ऐकूच येत नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात चेलो शिकता. पियानो वाजवणाऱ्या मैत्रिणीबरोबर जर्मन संगीतकार ब्राह्म्सच्या ई मायनर सोनाटाची (चेलो आणि पियानोसाठीची रचना), म्हणजे ओपस ३८ ची, पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, बसवताय. एका छोट्या सभागृहात कार्यक्रम ठरलाय आणि जमलं तर पुढे पूर्ण सोनाटा वाजवायचा विचार आहे. अडचण अशी की तालमीत तुमचा चेलो तुम्हालाच ऐकू येत नाही. सर म्हणतात, बो (गज) आणखी दाबा. मैत्रीण म्हणते, मी पियानोचं झाकण बंद करून टाकते. आयोजक म्हणतात, कशाला डोकं खाताय, माइक लावू. या तिघांपैकी कुणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

मी पियानोवाली. बरीच वर्षं चेलोवाल्यांबरोबर वाजवत आलेय आणि हा सोनाटा इतक्या जणांबरोबर वाजवलाय की त्यातली भांडणं मला तोंडपाठ आहेत. त्यामुळे हे उत्तर समोरच्या खुर्चीवरून येतंय असं समजा. सुरुवातीलाच सांगते, पहिला उपाय म्हणून तिन्ही सल्ले मला पटत नाहीत. माइकचा तर शेवटीच विचार करावा. कारण तुमची अडचण आवाज कमी पडण्याची आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलंय आणि माझ्या मते खरी गोम तिथे नाहीच.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. तुम्हाला चेलो ऐकू येत नाही आणि श्रोत्यांना चेलो ऐकू येत नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ग्रँड पियानोच्या पोटापाशी, त्या वळणात, चेलोवाला बसतो तेव्हा पियानोचा सगळा लोट थेट त्याच्या पाठीवर आणि कानावर येतो. चेलोचा आवाज मात्र पुढे, श्रोत्यांकडे जातो. म्हणजे साऱ्या सभागृहात समतोल ऐकायला सगळ्यात वाईट जागा कुठली असेल तर ती तुमची खुर्ची. तिथे बसून ‘मी बुडतोय’ असं वाटणं स्वाभाविक आहे. धोका पुढच्या पायरीवर आहे. ऐकू येत नाही म्हणून तुम्ही दाबता, दाबलं की तार गुदमरते, स्वर घोगरा आणि आखूड होतो, आणि मग तो खरोखरच मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. पियानोवाली तिकडे ‘हा एवढा जोर लावतोय म्हणजे इथे मोठं वाजवायचंय’ असं समजून वाढवते. पुढच्या दहा मिनिटांत दोघंही घामाघूम. त्यामुळे पहिलं काम हे, की सभागृहाच्या शेवटच्या रांगेत कान असलेल्या एखाद्या माणसाला बसवा आणि तक्रार खरी आहे का ते तपासा. फोनवरच्या रेकॉर्डिंगवर विसंबू नका. फोनचा माइक खालचे स्वर नीट पकडत नाही, शिवाय आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो. सभागृहात पियानोचा खर्ज चेलोला गिळत असला तरी फोनवर सगळं छान ऐकू येतं आणि आपण निश्चिंत होतो.

तुमची तक्रार नवी नाही, हे ऐकून बरं वाटेल. हा सोनाटा ब्राह्म्सनं योझेफ गेन्सबाखर यांना अर्पण केला होता. ते व्हिएन्नात गाणं शिकवायचे आणि हौसेनं चेलो वाजवायचे. किस्सा असा सांगतात की दोघं हा सोनाटा वाजवत असताना ब्राह्म्स पियानोवर इतका सुटला की गेन्सबाखर ओरडले, मला माझा चेलो ऐकू येत नाहीये. त्यावर ब्राह्म्स म्हणाला, नशीबवान आहात. किस्सा खरा असो वा रचलेला, तो टिकलाय याचं कारण हा सोनाटा वाजवणाऱ्या प्रत्येकाला तो खरा वाटतो.

यातली विनोदाची बाजू सोडली तर ब्राह्म्सचं म्हणणं पुरेसं गंभीर होतं. छापील शीर्षकात त्यानं पियानोचं नाव आधी घातलंय आणि चेलोचं नंतर. पियानो इथे जोडीदार आहे, कधी पुढे होणारा, कधी जपून चालणारा, पण निव्वळ साथीला बसलेला नव्हे, अशी त्याची भूमिका होती. त्यामुळे ‘पियानोनं गप्प बसावं’ हा तोडगा या रचनेला चालत नाही. तुमच्या मैत्रिणीनं सगळंच हळू वाजवलं तर चेलो ऐकू येईल, पण सोनाटा ऐकू येणार नाही. पहिल्या मूव्हमेंटमधली अर्धी चर्चा पियानोच करतो.

मग चेलो बुडतो कशानं? या सोनाटात ब्राह्म्सनं चेलोला मुद्दाम खाली ठेवलंय. सुरुवातीची थीम सी तारेवरच्या ई पासून निघते. तो स्वर साधारण ८२ हर्ट्झचा. आपला कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे एवढा खालचा स्वर मागच्या रांगेत पोचतो तो त्याच्या मूळ कंपनापेक्षा त्याच्या वरच्या उपस्वरांच्या जिवावर. आता त्याच भागात पियानोचा डावा हात जोरात वाजला, वर पेडल धरलेलं असलं, तर काय होतं? खालचा दणकट आवाज त्याच्या वरच्या नाजूक उपस्वरांना झाकून टाकतो. चेलोचा ‘आवाज’ जात नाही, त्याची कड जाते. श्रोत्याला काहीतरी घुमतंय एवढंच कळतं, चाल कळत नाही.

त्यात आजचा पियानो हा ब्राह्म्सच्या डोळ्यांपुढचा पियानो नाही. पहिल्या दोन मूव्हमेंट्स १८६२ च्या, शेवटची १८६५ ची. त्या काळातल्या व्हिएन्नाच्या पियानोत तारा बहुधा एकमेकींना समांतर असायच्या, हातोड्या हलक्या आणि वरून कातडं लावलेल्या, आणि खर्ज पातळ पण स्पष्ट. पुढे ब्राह्म्सच्या व्हिएन्नातल्या घरी जो श्ट्राइखरचा पियानो होता तो याच जातीचा. आजच्या ग्रँडमध्ये खर्जाच्या तारा बाकीच्यांवरून तिरक्या ओढलेल्या असतात, लोखंडी चौकटीवर सगळ्या तारांचा मिळून १८-२० टन ताण असतो आणि खर्ज जाड, गोल, लांबणारा असतो. तोच स्वर, तेवढ्याच जोरात, तेवढंच पेडल, पण आता चेलोच्या अंगावर दुप्पट वजन येऊन पडतं. उलट बाजूनं हेही खरं की तेव्हाचे चेलोवाले आतड्याच्या तारांवर वाजवायचे आणि तुमच्याकडे स्टीलच्या असतील, म्हणजे तुम्हीही थोडे सशस्त्र आहात. तरी हिशेब पियानोच्याच बाजूनं झुकतो.

आता झाकणाकडे येऊ, कारण सगळे आधी तिथेच हात घालतात. झाकण बंद केलं की पियानोचे वरचे स्वर मंदावतात. खर्ज मात्र साउंडबोर्डाच्या खालून, जमिनीवरून निघतच राहतो. गणपतीत खिडक्या लावून घेतल्यावर जे होतं तेच: गाण्याचे शब्द कळेनासे होतात, धमधमाट तेवढाच राहतो. म्हणजे चेलोला त्रास देणारी गोष्ट राहिली आणि पियानोची स्पष्टता गेली. वाईट भाग असा की स्पष्टता गेल्यामुळे पियानोवाली आणखी जोर लावते. मी हा सोनाटा झाकण पूर्ण उघडं ठेवून किंवा फार तर छोट्या दांडीवर वाजवते आणि डाव्या हाताला शिस्त लावते. डाव्या पेडलचंही तसंच. सबंध मूव्हमेंटभर ते दाबून बसलं तर पियानोचा रंगच बदलतो आणि इथे तो रंग हवा असतो.

हे सगळं पहिल्या पानावर नीट पाहता येतं. सुरुवातीला चेलो थीम गातो आणि पियानो ठोका सोडून, मधल्या जागांत, हलके कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) टाकत जातो. चेलोची चाल त्या कॉर्डांच्या खालून चालली आहे. इथे पियानोवाल्यांच्या शिक्षणातच गोची आहे. लहानपणापासून आम्हाला शिकवलेलं असतं की कॉर्डमधला सगळ्यात वरचा स्वर उठून दिसला पाहिजे. एरवी ते बरोबरच असतं. पण इथे वरचा स्वर उठवला की ऐकणाऱ्याचा कान सवयीनं त्यालाच चाल समजतो आणि खाली चाललेली खरी चाल पार्श्वभूमीला जाते. तुमच्या मैत्रिणीला सांगा, या पानापुरता नियम उलटा करून बघ. वरची करंगळी हलकी, कॉर्डचं वजन आतल्या बोटांवर. दुसरं, प्रत्येक कॉर्ड पडताना त्याला धक्का नको. हा कॉर्ड चेलोच्या स्वरातच उमलल्यासारखा यायला हवा. तिसरं, पेडल प्रत्येक कॉर्डला थोडं आणि लगेच साफ. कॉर्डांच्या मधली शांतता ब्राह्म्सनं लिहिलेली आहे. ती पेडलनं भरून काढली की तुमच्या ई भोवती हवाच राहत नाही. एवढं केलं तर पहिल्या वीसेक बारमध्ये तुम्हाला काहीही जास्त करावं लागणार नाही. तालमीत हा बदल केला की चेलोवाला मान वळवून पियानोकडे बघतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

तुमच्या बाजूचं काम. मी चेलो वाजवत नाही, त्यामुळे बोटांचं तुमच्या सरांना विचारा. पण जे चेलोवाले या पानावर सहज ऐकू येतात ते काय करतात ते शेजारी बसून पाहिलंय. ते दाबत नाहीत. बो घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या) जवळ नेतात आणि वेग कमी करतात. घोडीजवळ वाजवलं की उपस्वर वाढतात, म्हणजे वर म्हटलेली ती कड परत येते. पहिला ई सुरू करताना बो हवेतून आणून टेकवत नाहीत. केस आधीच तारेवर बसलेले असतात, तार किंचित पकडलेली असते आणि मग हात निघतो. सी तार जाड असल्यानं ती बोलायला वेळ घेते. तिला तो अर्धा क्षण आधी दिला नाही तर स्वराचं तोंडच जातं. आणि व्हायब्रेटो (डाव्या बोटाचं कंपन) स्वर लागल्यावर दोन क्षणांनी नव्हे तर स्वराबरोबरच सुरू होतो. सुरुवातीची चाल काही जण जमेल तितकी सी तारेवरच वर चढत वाजवतात, काही जण जी तारेवर जातात. पहिल्यानं रंग गडद मिळतो, दुसऱ्यानं स्पष्टता. मोठ्या पियानोबरोबर, नव्या माणसाला मी दुसरा मार्ग सुचवेन. गडदपणा या सोनाटात आयताच भरपूर आहे.

थोड्या वेळानं थीम पियानोकडे जाते आणि चेलो मागे सरतो. इथे बहुतेक चेलोवाले सरत नाहीत. मगाशी ऐकू येत नव्हतं त्याचा राग मनात असतो, त्यामुळे साथीचे स्वरही पूर्ण ताकदीनं येतात. पियानोवालीला पुढे यायला जागा मिळत नाही म्हणून ती जोर वाढवते आणि मग पुढच्या तुमच्या प्रवेशाच्या वेळी ती आधीच वरच्या पातळीवर असते. समतोल बिघडतो तो असा, मागच्या पानावर. ज्या बारमध्ये तुम्ही बुडता तिथे दोष शोधू नका, त्याच्या आठ बार आधी शोधा.

बी मायनरमधली दुसरी थीम ही दोघांची पाठशिवणी आहे. एकानं मोठी झेप घ्यायची, दुसऱ्यानं लगेच मागून तीच घ्यायची. इथे ब्राह्म्स दोघांनाही फोर्टे, म्हणजे जोरात, लिहितो आणि हेच पुढेही सगळीकडे करतो. दोघांच्या खाली एकसारखीच खूण. आता चेलोचा फोर्टे आणि आजच्या ग्रँडचा फोर्टे यांची बेरीज कधीच बरोबरीची होत नाही. म्हणून मी ती खूण जोराची सूचना म्हणून वाचत नाही, स्वभावाची सूचना म्हणून वाचते. फोर्टे म्हणजे ठाम. पियानोनं ठामपणा बोटांच्या टोकातून, स्वराच्या सुरुवातीतून दाखवावा आणि स्वर लगेच सैल सोडावा. चेलोनं ठामपणा स्वराच्या लांबीतून दाखवावा, कारण स्वर फुगवत नेणं पियानोला जमतच नाही. पियानोचा स्वर पडल्या क्षणापासून विरत जातो. तुम्ही पियानोच्या ठोक्याशी स्पर्धा करता तिथे हरता आणि पियानोचा स्वर विरल्यावर जी जागा उरते ती भरता तिथे जिंकता. या एका गोष्टीवर दोघांनी मिळून एक पूर्ण तालीम खर्च करावी इतकी ती कामाची आहे.

त्यानंतर बी मेजरमधला डोलणारा, शांत भाग येतो. तिथे भांडण नाहीच, पुढे चला. डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे थीम उलगडत नेणाऱ्या मधल्या भागात, मात्र सोनाटातला सगळ्यात अवघड समतोल आहे. पियानो दोन्ही हातांनी फोर्टिसिमोत (अतिशय जोरात) आणि चेलो खालच्या तारांवरून वरच्या तारांवर उड्या मारतोय. इथे खरं सांगायचं तर प्रत्येक स्वर ऐकू येणार नाही आणि तो येण्याची गरजही नाही. तुम्ही दोघांनी मिळून ठरवा, प्रत्येक झेपेतला कोणता स्वर पोचलाच पाहिजे. बहुतेक वेळा तो वरचा असतो. बो त्याच्यासाठी राखून ठेवा, खालच्या स्वराला नुसता धक्का द्या. पियानोच्या डाव्या हातात ऑक्टेव्ह असतील तिथे करंगळीचा खालचा स्वर हलका आणि अंगठ्याचा वरचा जरा भक्कम, असं करून बघायला सांगा. कानाला भव्यता तेवढीच वाटते, पण तळाचा चिखल निघून जातो.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण विचारतेच. तुमच्या चेलोवर वुल्फ, म्हणजे वाद्याचा बिघडणारा स्वर, कुठे आहे? बहुतेक चेलोंवर तो ई ते एफ शार्पच्या आसपास, खुल्या जी तारेच्या वरच्या सप्तकात कुठेतरी सापडतो. स्वर तिथे थरथरतो, घुरघुरतो. आता सोनाटा ई मायनरमध्ये, दुसऱ्या मूव्हमेंटमधला ट्रिओ, म्हणजे मधला भाग, एफ शार्प मायनरमध्ये. म्हणजे ब्राह्म्स तुम्हाला त्या खड्ड्यावरून पुनःपुन्हा नेणार. घोडीच्या खाली, तारेच्या उरलेल्या तुकड्यावर बसवायची पितळेची छोटी नळी मिळते. ती वरखाली सरकवून वुल्फ दोन स्वरांच्या मधल्या फटीत ढकलता येतो. तसंच तारा जुन्या असतील तर निदान सी आणि जी बदला. टंगस्टनच्या गुंडाळीच्या तारा, उदाहरणार्थ स्पायरोकोअरच्या, या सोनाटासाठी पुष्कळ जण पसंत करतात, कारण त्या चटकन बोलतात. पण प्रत्येक चेलोला त्या मानवतीलच असं नाही. हलक्या फॅक्टरी चेलोवर त्या कर्कशही वाटू शकतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मात्र बदलू नका, नव्या तारा उतरत राहतात.

टेम्पोचाही समतोलाशी संबंध आहे. १८६२ मध्ये या सोनाटासाठी एक अडाजिओही, म्हणजे संथ मूव्हमेंट, लिहिला गेला होता, तो ब्राह्म्सनं काढून टाकला. त्यामुळे आज सोनाटात संथ मूव्हमेंट नाही आणि तो संथपणा सगळेजण पहिल्या मूव्हमेंटमध्ये शोधायला जातात. सूचना आहे अलेग्रो नॉन ट्रॉपो, म्हणजे फार द्रुत नको, पण अलेग्रोच. फार संथ घेतलं की चेलोला प्रत्येक स्वर लांबवण्यासाठी बो पुरवावा लागतो, तो पुरत नाही, मग मध्येच दिशा बदलावी लागते आणि वाक्य तुटतं. पियानोचे ते मधले कॉर्डही जड होऊन बसतात. मी पाव नोटचा म्हणजे क्रॉचेटचा वेग मिनिटाला १०० ते ११० च्या दरम्यान धरते आणि मोठ्या घुमणाऱ्या जागेत थोडा खाली आणते. एक्स्पोझिशनचा, म्हणजे थीम मांडणाऱ्या पहिल्या भागाचा, रिपीट वाजवावा का, हे कार्यक्रमाच्या वेळेवर ठरवा. माझा कल वाजवण्याकडे. पहिल्या फेरीत बिघडलेला समतोल दुसऱ्या फेरीत सावरता येतो, हा त्याचा एक प्रामाणिक फायदा.

पूर्ण सोनाटा करणार असाल तर दोन शब्द. मधला मिन्युएट समतोलाच्या दृष्टीनं सोपा आहे. ट्रिओमध्ये पियानोचा उजवा हात तुमच्याच चालीभोवती वेलबुट्टी काढत असतो. तिथे पियानोनं तुमच्या बोच्या वळणांबरोबर श्वास घ्यायचा, बाकी काही नाही. शेवटची मूव्हमेंट मात्र वेगळं प्रकरण आहे. तो फ्यूग आहे, म्हणजे एकच विषय वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येतो, आणि त्याच्या विषयाचं नातं बाखच्या ‘आर्ट ऑफ फ्यूग’मधल्या १३ व्या रचनेशी लावलं जातं. विषय आधी पियानोच्या डाव्या हातात एकटा येतो, मग चेलो, मग उजवा हात. म्हणजे तीन आवाज, त्यातले दोन एका माणसाच्या हातात. इथे कोण मोठं आणि कोण लहान हा प्रश्नच चुकीचा पडतो. ज्याच्याकडे विषय आहे त्याला बाकीच्या दोघांनी वाट द्यायची. स्कोअरची एक प्रत काढा, प्रत्येक प्रवेशावर रंगीत पेन्सिलीनं खूण करा आणि एकदा तुम्ही न वाजवता पियानोवालीकडून फक्त दोन हातांचे दोन आवाज ऐका. तिला स्वतःलाच कळेल की ट्रिप्लेट्सच्या (तीन-तीन स्वरांच्या गटांच्या) ओघात डावा हात उजव्यालाही बुडवतोय. पेडल इथे जवळजवळ नकोच. वेग ठरवताना ट्रिप्लेट्स किती स्पष्ट येतात ते पाहा आणि शेवटी पिऊ प्रेस्टो (आणखी द्रुत) आहे हे लक्षात ठेवून गाठीला काही शिल्लक ठेवा. सुरुवातच धावत केली की शेवटी उरतो तो नुसता गोंगाट.

गंमत म्हणजे १८८६ मध्ये ब्राह्म्सनं दुसरा चेलो सोनाटा लिहिला, एफ मेजर, ओपस ९९, तेव्हा चेलोला बऱ्याचदा वरच्या तारांवर नेऊन गायला लावलं. तिथेही पियानो वादळी आहे, पण चेलो त्याच्या वरून जातो. त्यामुळे ओपस ९९ ऐकून ‘यांचा चेलो कसा छान ऐकू येतो’ अशी ओपस ३८ शी तुलना करत बसू नका. दोन्हींची बांधणीच वेगळी आहे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमचं सभागृह मी पाहिलेलं नाही. जाड गालिचा, मखमली पडदे आणि बंद छत असेल तर चेलोचे उपस्वर तिथेच शोषले जातात. अशा वेळी चेलोची पिन गालिच्यावर न टेकवता लाकडी पोकळ चौथऱ्यावर टेकवली तर खूप फरक पडतो. वीतभर उंचीची, प्लायवूडची साधी पेटी सुताराकडून करून घेतली तरी चालते. छताचे पंखे चालू असतील तर त्यांचा घरघराट नेमका तुमच्या हळू जागांवर बसतो, निदान वाजवताना ते बंद ठेवायला सांगा. पियानो अपराइट असेल तर झाकणाचा सगळा वरचा विचार बाजूला ठेवा. त्याची पाठ भिंतीला चिकटलेली असेल तर खर्ज आणखी घुमतो. तो दोन-तीन फूट पुढे ओढा आणि तुम्ही त्याच्या उजव्या टोकापाशी, पियानोवालीला तुमचा उजवा हात दिसेल असे बसा. जुन्या पियानोच्या हातोड्यांवर तारांचे खड्डे पडून नमदा कडक झालेला असतो. तो कितीही हळू वाजवला तरी टोचतो. तिथे ट्यूनरला नुसतं सुरात लावायला न सांगता हातोड्या मऊ करायलाही सांगा. आणि कार्यक्रम पावसाळ्यात असेल तर चेलोचं पोट हवेतल्या ओलाव्यानं फुगतं, घोडी वर उचलली जाते, तारा उंच वाटतात आणि डाव्या हाताला जास्त दाबावं लागतं. काही जण त्यासाठी वेगळी बुटकी घोडी ठेवतात. तुमच्याकडे एकच असेल तर निदान कारागिराला दाखवून घ्या.

माइकबद्दल. दीडशे-दोनशे माणसांच्या बंद सभागृहात फक्त चेलोला माइक लावला तर चेलो मोठा होतो, पण तो स्पीकरमधून येतो आणि पियानो मंचावरून. दोघं एका खोलीत आहेत असं वाटतच नाही. शिवाय तुम्हाला खुर्चीवर ऐकू येत नव्हतं ते तसंच राहतं, कारण स्पीकर तुमच्या पुढे असतो. कार्यक्रम उघड्या आवारात असेल, रस्त्याची वर्दळ असेल, तर गोष्ट वेगळी. मग दोन्ही वाद्यांना लावा, एकट्या चेलोला नको, आणि साउंडवाल्याला सांगा की खर्जाचा बटण वाढवायचा नाही.

पुढची तालीम अशी करून बघा. पहिल्या मूव्हमेंटचं एक्स्पोझिशन मैत्रिणीनं फक्त डाव्या हातानं वाजवावं, तुम्ही पूर्ण. मग फक्त उजव्या हातानं, तुम्ही पूर्ण. कुठल्या फेरीत तुम्ही दाबायला लागता ते तुमच्या उजव्या हातालाच कळेल, आणि बहुतेक ती डाव्या हाताची फेरी असेल. मग दोन्ही हात, पण पेडलशिवाय. सुरुवातीला कोरडं वाटेल, वाटू द्या. त्यानंतर तिनं पेडल हळूहळू परत आणावं आणि ज्या बारमध्ये तुमचा स्वर धूसर होईल तिथे तुम्ही थांबून स्कोअरवर खूण करावी. तुमच्याकडे फक्त चेलोचा पार्ट असेल तर त्यावरून ही तालीम करू नका, पूर्ण स्कोअर समोर ठेवा. पियानोच्या डाव्या हातात त्या क्षणी काय चाललंय हे डोळ्यांना दिसल्याशिवाय यातलं निम्मं काम होणार नाही. शेवटच्या फेरीला जागा बदला: खुर्ची वळणातून हातभर पुढे, श्रोत्यांच्या बाजूला घ्या आणि किंचित आडवी करा, म्हणजे तुम्हाला तिचे हात दिसतील आणि पियानोचा लोट पाठीऐवजी बाजूनं जाईल. सभागृहात एकच तालीम मिळणार असेल तर ती वाजवण्यात घालवू नका, या खुर्चीची जागा ठरवण्यात घालवा आणि जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा.